मुलगी मेडिकलला अर्ज करतेय: आईवडिलांनी कुठवर लक्ष घालायचं?

उंबरठा

नमस्कार. मुलगी सतरा वर्षांची आहे, शाळेचं शेवटचं वर्ष. डॉक्टर व्हायचं हे तिचं तिनंच ठरवलेलं. आमच्या दोघांच्याही घरात कुणी डॉक्टर नाही, त्यामुळे विचारायचं कुणाला हाच प्रश्न पडतो. प्रवेश परीक्षा झाली. मार्क चांगले आहेत, पण निर्धास्त व्हावं इतके नाहीत. आता अर्जासोबत स्वतःबद्दल लिहून द्यायचंय, कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचाय आणि पुढे मुलाखती आहेत.

घरात सध्या वातावरण तंग आहे. ती शनिवारी एका वृद्धाश्रमात मदतीला जाते. तिथे एका आजोबांच्या हाताला कंप आहे. तिनं अर्जात लिहिलं की त्यांचा चमचा काठोकाठ भरला तर सगळं अंगावर सांडतं आणि मग कुणीतरी भरवायला बसतं. अर्धाच भरला तर वेळ लागतो, पण ते आपल्या हातानं जेवतात. ह्यांनी ते वाचलं आणि म्हणाले, एवढ्या मोठ्या अर्जात चमच्याचं काय लिहितेस? त्याजागी त्यांनी स्वतः एक परिच्छेद लिहून दिला, ‘लहानपणापासून मानवतेच्या सेवेची ओढ’ वगैरे. मनापासून लिहिला, तिचं भलं व्हावं म्हणूनच. पण तेव्हापासून मी खोलीत गेले की लॅपटॉप मिटतो.

कॉलेजचंही तेच. हे आणि माझे दीर म्हणतात, जुनं नावाजलेलं कॉलेज वर टाक. तिला दुसरं हवंय. ते त्यामानानं नवं आहे. तिथे पहिल्या वर्षापासून पेशंटजवळ नेतात आणि आठ-दहा मुलांचे गट करून एकेका केसवरून शिकवतात. दीर म्हणतात, टेबलाभोवती गप्पा मारून कुणी डॉक्टर होतं का?

तिसरं म्हणजे मुलाखत. आम्ही जेवताना विचारलं, ‘सांग बरं, डॉक्टर का व्हायचंय?’ तर मान खाली. आणि मैत्रिणीशी ह्याच विषयावर तासभर बोलते, मला भिंतीपलीकडून ऐकू येतं. मुलाखतीच्या क्लासला घालावं का? आणि आम्ही नेमकं काय करायचं, काय नाही?

वॉर्ड_नंबर_पाच

मी मेडिसिन शिकवते आणि बरीच वर्षं प्रवेशाच्या मुलाखती घेते आहे. आधी लिखाणाबद्दल सांगते, तिथे तारीख जवळ असेल.

तो चमच्याचा परिच्छेद अजिबात काढू देऊ नका. पेशंटला स्वतःच्या हातानं जेवता येणं ही त्याच्यासाठी केवढी गोष्ट असते, हे आम्हाला वॉर्डात मोठ्या मुलांना मुद्दाम दाखवून द्यावं लागतं. तुमच्या मुलीनं ते न सांगता हेरलं. शिवाय वेळ आणि स्वावलंबन यांतलं काय निवडायचं, हा प्रश्नही तिच्या लक्षात आलाय. मानवतेच्या सेवेची वाक्यं आम्ही इतकी वाचतो की डोळे त्यांवरून घसरत जातात. ती खोटी असतात असं मी म्हणत नाही. पण त्यांतून समोरचं मूल दिसत नाही.

दुसरं असं की मुलाखतीत याच मजकुरावरून विचारतात. मी असते तर तिला विचारलं असतं, कंप कधी जास्त दिसायचा, हात मांडीवर नुसता ठेवलेला असताना की चमचा उचलताना? पार्किन्सन्समध्ये तो बहुधा हात विसावलेला असताना दिसतो. इसेन्शियल ट्रेमर नावाचा वेगळा आजार आहे, त्यात चमचा किंवा कप उचलला की वाढतो. हे तिला माहीत असावं अशी अपेक्षा मुळीच नाही. पण जिनं ते आजोबा डोळ्यांनी पाहिलेत ती आठवून सांगेल, आणि मग ‘असं का होतं?’ असं मलाच विचारेल. बाबांनी लिहून दिलेल्या वाक्यावर दुसरा प्रश्न आला, की मूल तिथेच अडकतं.

बाबांच्या तळमळीला वाव आहे, तो असा: शुद्धलेखन बघा, शब्दमर्यादा बघा आणि प्रश्न विचारा. ‘मग पुढे काय झालं? तिथल्या नर्स काय म्हणाल्या? तू घाईत असतीस तर काय केलं असतंस?’ उत्तर तिनं लिहायचं.

मुलाखत. बऱ्याच ठिकाणी आता एका टेबलापलीकडे चौघे बसलेत असा प्रकार नसतो. छोट्या छोट्या स्थानकांची साखळी असते, एकेका ठिकाणी साधारण पाच ते दहा मिनिटं, दर वेळी परीक्षक वेगळा. ही पद्धत कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात तयार झाली आणि तिथून पसरली. फायदा असा की एका स्थानकावर गडबडलं तरी पुढच्या खोलीत नवी माणसं, कोरी पाटी. मुलीला हे नक्की सांगा, मुलांचा जीव हलका होतो. एखाद्या खोलीत प्रसंग देतात: मित्रानं प्रयोगवहीतले आकडे बनवून लिहिलेत, तू काय करशील? किंवा समोर नट बसवतात आणि त्याला एखादी वाईट गोष्ट समजावून सांगायची असते. आम्ही बघतो ते एवढंच की ती ऐकते का, नवी माहिती मिळाली तर मत बदलते का, ‘मला माहीत नाही, मी वरिष्ठांना विचारीन’ हे शांतपणे म्हणू शकते का. फर्डं बोलण्याला मी स्वतः फार किंमत देत नाही.

म्हणून ‘डॉक्टर का?’ हा प्रश्न घरात बंद करा. आईवडिलांसमोर त्याचं उत्तर देणं सतरा वर्षांच्या मुलीला फार उघड्यावर आल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा तिच्याशी वाद घाला. एकच व्हेंटिलेटर आहे, दोन पेशंट आहेत. पंधरा वर्षांचा मुलगा डॉक्टरांना म्हणतो, हे माझ्या घरी सांगू नका. एखादा माणूस म्हणतो, माझ्या आईला कॅन्सर आहे हे तिला कळू देऊ नका. तुम्ही मुद्दाम उलट बाजू घ्या, आणि तिचं मत पटलं तरी विचारा, यात अजून कुणाचं काय बिघडतं? यातलं काही पाठ करता येत नाही, पण सवय होते. क्लासमध्ये ठरावीक साच्यातली उत्तरं देतात आणि ती आम्हाला दुसऱ्या वाक्याला ओळखू येतात. एकदोन सराव मुलाखती पुरतात. त्या मात्र तिला नीटसं न ओळखणाऱ्या मोठ्या माणसाकडून घ्या, शाळेतले एखादे सर किंवा मैत्रिणीचे बाबा.

आता तुमच्या दिरांची शंका. केसवरून गटात शिकण्याची पद्धत मॅकमास्टरनंच १९६९ मध्ये सुरू केली. पुढे कितीतरी जुन्या नावाजलेल्या कॉलेजांनीही ती पूर्ण नाहीतर थोडीफार उचलली. गटाला केस मिळते, समजा धाप लागलेला पन्नाशीचा माणूस. आपल्याला काय माहीत नाही ते मुलं आधी फळ्यावर मांडतात, आपापलं वाचून येतात आणि पुढच्या बैठकीत एकमेकांना शिकवतात. गप्पा मारायला तिथे फुरसत नसते. पण ही पद्धत सगळ्यांना मानवते असंही नाही. काही मुलांना आधी शरीररचना, मग शरीरक्रिया अशी पायरी पायरीनं इमारत चढायला आवडते. त्यांना केसपद्धतीत सारखं वाटत राहतं की आपलं काहीतरी राहून गेलंय. तुमची मुलगी अभ्यास कसा करते? दार लावून एकटी, की कुणाला तरी मोठ्यानं समजावत? भिंतीपलीकडून जे ऐकू येतं त्यावरून मला दुसरा प्रकार वाटतो, पण ते तिलाच ठरवू द्या.

नावापेक्षा पुढची वर्षं बघा. कॉलेज बघायला गेलात तर स्वागतकक्षातल्या माणसांना विचारू नका. तिसऱ्या-चौथ्या वर्षाची दोन मुलं कॅन्टीनमध्ये गाठा. एका खाटेभोवती किती जण उभे राहता? पेशंट तपासायला स्वतःला मिळतो, की पाठीमागून मान उंच करून बघावं लागतं? शवविच्छेदन स्वतः करता, की आधीच करून ठेवलेले नमुने दाखवतात? प्रशिक्षणाची हॉस्पिटलं किती लांब, पहाटे जायची सोय काय? आणि एखादा विषयात अडकला तर कॉलेज काय करतं? हा शेवटचा प्रश्न मी सर्वांत महत्त्वाचा मानते. हुशार मुलं आयुष्यात पहिल्यांदा नापास होतात ती मेडिकललाच, आणि तेव्हा कुणीतरी वेळेवर हाक मारणारं लागतं.

गुळगुळीत_दगड

वरच्या ताईंनी मुलाचं काम काय ते सांगितलं. मी बापाचं सांगतो, आमचा मुलगा नुकताच या चक्रातून गेला.

तारखा, कागद, पैसे आणि प्रवास हे चार विषय मी घेतले आणि बाकी त्याच्यावर सोडलं. प्रत्येक देशाची रीत इतकी वेगळी असते की ऐकीव माहितीवर एक पाऊलही टाकू नका. भारतात नीटच्या १८० प्रश्नांचे ७२० गुण आणि मग पसंतीक्रमाच्या फेऱ्या. ब्रिटनमध्ये मेडिसिनसाठी एका वेळी चारच ठिकाणी अर्ज करता येतो, आणि त्याची मुदत इतर बहुतेक अभ्यासक्रमांच्या कितीतरी आधी, १५ ऑक्टोबरला संपते. अमेरिकेत आधी पदवी, मग चार वर्षं मेडिकल. त्यामुळे भावाच्या मुलाला काय लागलं ते तुम्हाला लागेलच असं नाही. मूळ सूचनापत्रक छापून घ्या, त्यावर पेननं खुणा करा.

परदेशातलं कॉलेज यादीत असेल तर आणखी एक. जगभरातल्या मेडिकल कॉलेजांची ‘वर्ल्ड डिरेक्टरी ऑफ मेडिकल स्कूल्स’ आहे. तिच्यात नाव आहे याचा अर्थ मान्यता आहे असा होत नाही, हे त्या डिरेक्टरीतच म्हटलंय. मूल पुढे जिथे प्रॅक्टिस करणार, तिथल्या वैद्यकीय परिषदेचे नियम वाचा. उदाहरणार्थ, परदेशात शिकून भारतात परतायचं तर २०२१ च्या नियमांनुसार किमान ५४ महिन्यांचा इंग्रजी माध्यमातला अभ्यासक्रम आणि त्याच संस्थेतून १२ महिन्यांची इंटर्नशिप लागते. हे प्रवेश घेतल्यावर कळून उपयोग नाही.

आणि निकालाचं. नेदरलँड्समध्ये कित्येक वर्षं मेडिकलचे प्रवेश भारित सोडतीनं होत. शाळेत गुण जास्त तर चिठ्ठी निघण्याची शक्यता जास्त, पण शेवटी चिठ्ठीच. मी हे मुलाला मुद्दाम सांगितलं होतं. जागा कमी आणि लायक मुलं जास्त असली की कुठल्याही पद्धतीत नशिबाचा वाटा राहतो. नाव आलं नाही म्हणजे मूल कमी पडलं असं नसतं. यंदा झालं नाही तर काय, हे निकालाच्या आधीच शांतपणे बोलून ठेवा. पुन्हा वर्षभर तयारी, की नर्सिंग, फिजिओथेरपी, जीवशास्त्र? निकालाच्या संध्याकाळी असलं बोलणं होत नाही.

आणखी एक, नातेवाइकांच्या फोनचा बंदोबस्त तुम्ही करा. ‘काय झालं?’ हा प्रश्न तिच्यापर्यंत पोचू देऊ नका.

दुसऱ्या_वर्षाला

मी मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्याकडे केसपद्धत आहे आणि मला ती आवडते, पण सुरुवातीचे महिने खरंच भांबावायला होतं. किती खोल वाचायचं तेच कळत नाही. मूत्रपिंडाची केस आली तर मी पहाटेपर्यंत मूत्रपिंडच वाचत बसायचे. नंतर वरच्या वर्गातल्या मुलांनी हद्द आखायला शिकवलं. तर काकू, कॉलेज बघायला जाल तेव्हा सिनिअर मुलं ज्युनिअरांना मदत करतात का, हे तिला विचारायला सांगा. आणि ते तिला एकटीला विचारू दे, तुम्ही लांब थांबा. आईबाबा बाजूला असले की सिनिअर खरं सांगत नाहीत.

माझ्या आईनं केलेली एक गोष्ट मला फार आवडली. तिनं आठवड्यातली एक संध्याकाळ ठरवली होती, त्या वेळी अर्जाबद्दल जे काय विचारायचं ते विचारायचं. एरवी घरात तो विषय काढायचा नाही. त्यामुळे जेवायला बसताना पोटात गोळा यायचा नाही.

काकांनाही सांगा, की सगळं होताना ‘तुला अजूनही हे हवंय ना?’ असं एकदा तरी विचारा, आणि ‘नाही’ आलं तरी ऐकायची तयारी ठेवा. मला बाबांनी विचारलं होतं. मी ‘हो’ म्हणाले. पण त्या दिवसापासून हे माझं झालं.

उंबरठा

सगळ्यांचे मनापासून आभार. ह्यांना पूर्ण धागा वाचायला दिला. कंपाचं वाचून ते तिच्या खोलीत गेले आणि दाराशीच उभं राहून विचारलं, चमचा उचलताना जास्त हलायचा का गं हात? ती म्हणाली, हो, आणि मांडीवर ठेवला की जवळजवळ थांबायचा. मग तिनं त्यांना आत बसवून सगळं करून दाखवलं. चमच्याचा परिच्छेद राहतोय, शेवटची दोन वाक्यं तीच पुन्हा लिहितेय.

दोन्ही कॉलेजांना जायचं ठरलंय. आम्ही दोघं बाहेर थांबणार. एक विचारायचं राहिलं: पसंतीक्रमात तिच्या आवडीचं वर टाकलं आणि तिथे नाही मिळालं, तर जुन्या कॉलेजची संधी जाते का?

वॉर्ड_नंबर_पाच

ते तुमच्याकडच्या पद्धतीवर आहे. जिथे गुणवत्ता यादी लावून वरच्या पसंतीपासून खाली बघत येतात, तिथे आवडीचं वर टाकल्यानं खालची संधी सहसा जात नाही. तिथे मनातलाच क्रम भरावा. पण काही ठिकाणी पहिल्या पसंतीच्या उमेदवारांना आधी घेतात, आणि काही ठिकाणी एका फेरीत मिळालेली जागा नाकारली तर पुढच्या फेरीला बसता येत नाही. सूचनापत्रकात ‘जागावाटप’ नावाचं प्रकरण असेल, ते तिघांनी एकत्र बसून वाचा. शंका राहिली तर प्रवेश कार्यालयाला लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या. तो मेल तिलाच लिहू द्या.