मदत हवी आहे: ४२ जणांसाठी पुण्याजवळ पलंग आणि बाथरूम असलेला तंबूंचा कॅम्प

नमस्कार मंडळी,

भोसरी एमआयडीसीत जिग-फिक्स्चर बनवणाऱ्या एका कारखान्यात मी एचआर आणि अॅडमिन दोन्ही पाहते. ऑफिस, शॉपफ्लोअर, स्टोअर, क्वालिटी मिळून आम्ही ४२ जण, त्यात ११ बायका. वर्षातून एक रात्र सगळे मिळून बाहेर जातो. यंदा हल्ली ज्याला ‘ग्लॅम्पिंग’ म्हणतात तशी जागा शोधते आहे. त्यामागचं कारण आधी सांगते, म्हणजे मला नेमकं काय हवंय ते कळेल.

गेल्या वर्षी पवना धरणाच्या काठी एका कॅम्पवर गेलो होतो. साधे डोम तंबू, एकेकात तिघं, खाली बोटभर जाडीची गादी. आम्ही ३८ जण आणि संडास दोन, दोन्ही भारतीय पद्धतीचे, तंबूंपासून लांब, वाटेवर दिवा नाही. आमच्या स्टोअरच्या काकांचे गुडघे गेलेत. जमिनीवर बसले की उठवायला दोघं लागतात. ते कुणाला काही बोलले नाहीत. पहाटे साडेपाचला मी चहा मिळतो का बघायला बाहेर आले, तर काका बसमध्ये ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर कानटोपी घालून बसलेले. रात्रभर तिथेच होते. “झोप येत नव्हती ताई,” एवढंच म्हणाले.

दुसरी गोष्ट मला महिनाभराने कळली. क्वालिटीतली एक मुलगी ऐन वेळी ‘ताप आहे’ म्हणून आली नव्हती. डबा खाताना तिने सांगितलं की तिला पाळी आली होती, आणि तिथे संडास-बाथरूमची काय सोय आहे हे विचारायचं कुणाला ते कळलं नाही. ते विचारायची जागा म्हणजे मीच की. तेव्हापासून हे दोघं माझ्या मनातून जात नाहीत.

म्हणून मला फुलांच्या कमानी, फोटोसाठी झोपाळे, काचेचे घुमट यातलं काही नको. जोत्यावर उभारलेला जाड कापडाचा स्विस तंबू, आत खरा पलंग, मागे जोडून बाथरूम, त्यात कमोड आणि गरम पाणी, एका तंबूत दोघं किंवा तिघं, एवढंच हवंय. बजेट माणशी अडीच हजार, त्यात बस धरलेली नाही.

तारखेचं असं आहे. आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. बुधवारी पहिली पाळी संपवून निघायचं आणि गुरुवारी संध्याकाळी परत, असं केलं की शनिवार-रविवारची गर्दी टळते आणि दरही उतरतो. पण डिसेंबरात मार्गशीर्षातले गुरुवार येतात. आमच्यातल्या निम्म्याहून जास्त जणींचा उपवास असतो, संध्याकाळी घरी घट, पूजा, नैवेद्य. त्या दिवशी त्यांना बाहेर ठेवणं मला पटत नाही. म्हणून पौषात, जानेवारीच्या मध्यावर ठरवते आहे. पौषात लग्नं नसल्यामुळे बसही सहज मिळते. २६ जानेवारीला जोडून सुट्ट्या येतात, तो आठवडा नको.

विचारायचं आहे ते असं. पुन्हा पवनेला जावं, मुळशीकडे जावं, की शिरूर-दौंडच्या बाजूला? जागा आधी बघायला जाईन तेव्हा काय काय तपासू? फोनवर प्रत्येक जण “सगळी सोय आहे मॅडम” म्हणतो, गेल्या वर्षीही हेच ऐकलं होतं. दारूचं काय करायचं? दरवर्षी काही जण आणतातच, आणि बायका नऊ वाजताच तंबूत जाऊन बसतात. आणि कार्यक्रम काय ठेवावा? रस्सीखेच आणि पोत्यांची शर्यत आता नको, त्यात तेच दहा जण खेळतात आणि बाकीचे टाळ्या वाजवतात.

पवनाकाठ

ताई, मी पवनानगरच्या बाजूचा. माझे चुलतभाऊ कॅम्प चालवतात, मी स्वतः भात आणि दूध करतो. तुमच्या गेल्या वर्षीच्या कॅम्पबद्दल वाचून वाईट वाटलं. जानेवारीत यायचं ठरवलंत ते चांगलं. तेव्हा पाणी बऱ्यापैकी वर असतं. मेमध्ये काठ इतका मागे सरतो की तंबू आणि पाण्याच्या मध्ये नुसता चिखल आणि भेगाळलेली जमीन उरते.

जागा बघायला दिवसा येऊ नका, बुधवारी रात्री या. रात्री आठनंतर दवाने कापड भिजायला लागतं. तंबूवर दुसरं छत आहे का आणि दोन छतांमध्ये हात जाईल एवढी जागा आहे का ते बघा, नाहीतर पहाटे आत थेंब पडतात. पलंगाच्या पायाशी खालच्या रजईत हात घालून ओल तपासा. प्रत्येक बाथरूममध्ये स्वतः फ्लश ओढा आणि गरम पाणी सोडा. गीझर असतो पण सगळे एकदम चालू केले की वीज जाते, म्हणून जनरेटरवर किती तंबूंचे गीझर चालतात ते विचारा आणि तुमच्यासमोर चालू करायला लावा.

सगळ्यात महत्त्वाचा रस्ता. सोमाटणे फाट्यावरून या नाहीतर कामशेतवरून, पवनानगरपर्यंत मोठी बस येते. पुढे काठाकडे उतरणाऱ्या वाटा अरुंद आणि उताराच्या आहेत. ५० सीटची बस वरच थांबते आणि माणसं जीपच्या मागे चढवून खाली नेतात. तुमच्या काकांना ते जमणार नाही. २५ सीटच्या दोन गाड्या करा आणि त्या तंबूंपर्यंत येतात का, हे ड्रायव्हरलाच आणून दाखवा.

आणि पाण्यात कुणालाही उतरू देऊ नका, गुडघाभरसुद्धा नाही. वरून शांत दिसतं, पण खाली उतार एकदम तुटतो आणि गाळात पाय रुततो. दरवर्षी इथे पोरं बुडतात, चांगली पोहणारीसुद्धा. आम्ही काठावर राहणारी माणसं ते बघतो.

तळेगावची डॉक्टर

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. माझ्याकडून थोडी भर.

थंडी वाजते म्हणून पेटती शेगडी कुणी तंबूत नेली तर ती लगेच बाहेर काढायची. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो. झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. निखारे विझल्यासारखे दिसले तरी धोका असतो. हे निघण्याआधी बसमध्येच सगळ्यांना सांगा. पुण्यात जानेवारीत पारा कधीकधी १० अंशांच्या खाली जातो, आणि पाण्याकाठी गारठा जास्तच लागतो. म्हणून माणशी दोन रजया आधीच मागून ठेवा.

नावं घेताना प्रत्येकाला एकट्याने भरायचा छोटा फॉर्म द्या. इन्शुलिन घेत असाल तर फ्रिज लागेल का, झोपताना श्वासाचं मशीन लावता का (त्याला रात्रभर वीज हवी), दमा, गरोदरपण, खाली बसता येतं का. चारचौघांत विचारलं की लोक ‘काही नाही’ म्हणतात. त्याच फॉर्ममध्ये लिहून टाका की प्रत्येक तंबूला जोडून बाथरूम आहे, आत झाकणाची कचरापेटी आणि पॅड ठेवलेले असतील. मग तुमच्या त्या मुलीला कुणालाच विचारावं लागणार नाही.

थंडीत साप कमी दिसतात, पण घोणस आणि मण्यार या भागात आहेत. रात्री बॅटरीशिवाय आणि बुटांशिवाय चालायचं नाही. सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन जवळच्या कुठल्या सरकारी रुग्णालयात आहे ते आधी फोन करून विचारा. १०८ ची रुग्णवाहिका कॅम्पपर्यंत उतरते का, हाही प्रश्न कॅम्पवाल्याला टाका.

कायद्याची बाजू

मी काही कंपन्यांच्या अंतर्गत समित्यांवर (लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या) बाहेरची सदस्य म्हणून काम करते. दारूबद्दल विचारलंत म्हणून सांगते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा तुमच्या गेटवर संपत नाही. कामानिमित्त कर्मचारी जिथे जातात ती जागा आणि कंपनीने दिलेलं वाहन, दोन्ही त्यात कामाचं ठिकाणच मानलं जातं. म्हणजे तो कॅम्प आणि ती बससुद्धा. निघण्याच्या आठवडाभर आधी हे नोटीस बोर्डावर मराठीत लावा, खाली समितीच्या सदस्यांची नावं द्या आणि त्यातली निदान एक सदस्य सहलीला असू द्या.

दारू कंपनीच्या पैशाने नको आणि कंपनीच्या कार्यक्रमातही नको, हे मालकांच्या सहीने जाऊ द्या. तुम्ही एकट्या नाही म्हणालात तर रात्रभर तुमच्याशीच वाद घालतील. लाउडस्पीकर रात्री १० ते सकाळी ६ बंद ठेवायचा हा नियम २००० सालापासून आहे, तोही कॅम्पवाल्याकडून लिहून घ्या. तंबूत कोण कुणाबरोबर, हे तुम्ही ठरवू नका. फॉर्ममध्ये दोन नावं मागा.

दोरीवरचे किंवा पाण्यावरचे खेळ ठेवणार असाल, तर राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार त्या आयोजकाची नोंदणी आहे का ते बघा.

घोडनदी

आमच्याकडे शिरूरला या की! जानेवारीत हुरडा ऐन बहरात असतो. आगटीत भाजलेली ज्वारीची कोवळी कणसं, लसणाची चटणी, गूळ, दही. जमीन सपाट, चढउतार नाही, भोसरीहून नाशिक रस्ता किंवा नगर रस्ता दोन्ही जवळ. काकांसाठी हीच बाजू बरी. मात्र शिरूर, आंबेगाव, जुन्नर, खेड हा सगळा उसाचा पट्टा, बिबट्याचा वावर आहे. अंधार पडल्यावर उसाच्या कडेने फिरायचं नाही आणि लहान मुलं असतील तर रात्री तंबूबाहेर एकटी सोडायची नाहीत. शिवाय आमच्याकडे दिवसभराच्या हुरडा पार्टीची सोय भरपूर आहे, बाथरूमवाले तंबू मात्र थोड्याच ठिकाणी. मुक्कामाचं नीट विचारून घ्या.

कार्यक्रमाचं म्हणाल तर कमी ठेवा. आमच्याकडे आलेल्या एका ग्रुपने प्रत्येकाला आपल्या घरची एक चटणी आणायला सांगितली होती. चाळीस चटण्या जमल्या, आणि कुणाच्या चटणीत काय हे विचारण्यात संध्याकाळ गेली. जे कधी बोलत नाहीत ते बोलले.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. तुमचे प्रतिसाद छापून मालकांना दाखवले. दारूबद्दलच्या नोटिशीवर त्यांनी लगेच सही केली.

काल रात्री जागा बघून आले. स्टोअरच्या काकांना बरोबर चला म्हटलं. आधी नको म्हणाले, मग म्हणाले, “मोजमाप करायचं असेल तर येतो.” मुळशीचे दोन कॅम्प आणि पवनेचा एक पाहिला. मुळशीचा पहिला दिसायला फार सुंदर होता, पण बाथरूमला जायला सात पायऱ्या. दुसऱ्याने जनरेटर चालू करून दाखवायला नकार दिला.

पवनेच्या कॅम्पवर गाडी तंबूपर्यंत गेली. काका पलंगावर बसले, उठले, परत बसले. कमोडवरून उठताना धरायला काही नाही हे त्यांनीच दाखवलं. कॅम्पच्या मालकाने तिथल्या तिथे दोन तंबूंत धरायचा दांडा बसवून द्यायचं कबूल केलं. स्टोअरचा माणूस, त्यांनी रजयाही मोजल्या. मालक नव्वद सांगत होता, निघाल्या ६४. उरलेल्या आणल्याशिवाय पूर्ण आगाऊ रक्कम द्यायची नाही, असं मला बाजूला घेऊन म्हणाले.

फॉर्म सोमवारी वाटते आहे. क्वालिटीतल्या त्या मुलीला मसुदा वाचायला दिला होता. तिने एक ओळ वाढवली: ‘रात्री बाहेर जायचं असेल तर सोबत हवी का?’ ती ठेवली आहे. चटण्यांचंही पक्कं. हुरडा कुणी शिरूरहून बुधवारी सकाळी भोसरीला पोचवू शकेल का? साधारण १५ किलो लागेल. आणि जानेवारीच्या मधल्या बुधवार-गुरुवारसाठी २५ सीटच्या दोन गाड्या, पायरी खाली असलेल्या, कुणाच्या माहितीत असतील तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.