दिवाडी बेट आणि नार्वे, फक्त बस आणि फेरीबोटीने: माहिती हवी आहे

नमस्कार मंडळी,

दिवाळीनंतर आई आणि मी पणजीला मावशीकडे येतोय. आईला किनाऱ्यांची हौस नाही. तिला दिवाडी बेट बघायचंय आणि तिथून नदी ओलांडून नार्व्याच्या सप्तकोटेश्वराला जायचंय. तेही बसने आणि फेरीबोटीने. गाडी भाड्याने घेऊ म्हटलं तर तिने साफ नाही सांगितलं. बसमध्ये शेजारच्या बाईशी बोलत, गावं विचारत जाण्यातच तिचा प्रवास असतो, आणि मला ते मनापासून पटतं.

पणजीहून थेट नार्व्याला रस्त्यानेही जाता येतं, हे ठाऊक आहे. पण आईला देव ज्या वाटेने गेला त्याच वाटेने जायचंय. सप्तकोटेश्वर हे गोव्याच्या कदंब राजांचं कुलदैवत. मूळ देऊळ दिवाडी बेटावर होतं. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ते पाडलं, तेव्हा भाविकांनी लिंग नदीपलीकडे डिचोलीच्या बाजूला नेलं. शिवाजी महाराजांनी १६६८ साली तिथल्या देवळाचं काम करवलं. दारावर शके १५९० चा शिलालेख आहे. म्हणून आधी बेटावरची कोटीतीर्थाची तळी, मग फेरी, मग देऊळ, असा क्रम तिने ठरवलाय. कदंबांच्या नावाच्या बसने त्यांच्याच देवाला जायचं, याचाही तिला फार आनंद आहे.

आतापर्यंत जुळवलंय ते असं. पणजीच्या कदंब स्टँडवरून जुन्या गोव्याची बस. बायपासने जाणारी नको, रायबंदरवरून मांडवीच्या कडेने जाणारी धरा, असं मावशी सांगते. गांधी सर्कलला उतरून चर्चच्या बाजूने व्हाइसरॉयच्या कमानीखालून धक्क्यावर आणि तिथून फेरीने दिवाडीला. चालत जाणाऱ्याला फेरीचं तिकीट नाही. इथपर्यंत काळजी नाही, प्रश्न पुढचे आहेत.

आईने सत्तरी ओलांडली आहे आणि गुडघे दुखतात. सपाट रस्त्यावर सावकाश चालते, चढ मात्र जमत नाही. दिवाडीच्या धक्क्यापासून पिएदाद गावापर्यंतचा रस्ता शेतांमधून जातो, सावली बेताचीच. सकाळच्या फेरीला जोडून बेटावरची बस मिळते का? ती गावातच थांबते की नार्व्याच्या धक्क्यापर्यंत जाते? बस चुकली तर बेटावर रिक्षा मिळेल, की पायलटच्या, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवाल्याच्या, मागे बसावं लागेल? पायलट आईला चालणार नाही.

पिएदादचं चर्च टेकडीवर आहे आणि शेजारच्या दफनभूमीतल्या छोट्या चॅपेलचं छत कदंबकालीन कोरीवकामाचं आहे. ते मला फार बघायचंय. चॅपेल एरवी उघडं असतं का, की चर्चमध्ये कुणाला विचारावं लागतं? वर रिक्षा जात असेल तर आईलाही नेईन, नाहीतर ती खाली कुठे बसू शकेल तेही सांगा. कोटीतीर्थाच्या तळीपर्यंत पायऱ्या किती आणि निसरडं आहे का, हेही.

नार्व्याची फेरी दुपारी बंद असते का? पलीकडे उतरल्यावर देवळापर्यंत आईला चालवेल का? आणि परत त्याच वाटेने न येता नार्वे–डिचोली–पणजी असं बसने यायचा विचार आहे. डिचोलीहून पणजीला बस आहेत, पण नार्व्याहून डिचोलीला दुपारनंतर काय मिळतं ते कुणी खात्रीने सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी जमलं तर चोडणही करायचंय. रायबंदरहून फेरीने उतरलं की सलीम अली पक्षी अभयारण्य अगदी धक्क्याजवळच, त्यामुळे तिथे वाहनाचा प्रश्न नाही. खारफुटीतली वाट आईला झेपण्यासारखी आहे का, एवढंच कळवा. भरती-ओहोटी बघून जावं का?

जेवणाचं फार नाही, डबा घेऊन निघू. दिवाडीवर चहा आणि स्वच्छ स्वच्छतागृह कुठे मिळेल, तेवढं नक्की सांगा. रविवारी बसगाड्या कमी असतात असं ऐकलंय, म्हणून मधला वार धरणार आहे.

बेटावरचं किंवा डिचोलीकडचं कुणी इथे असेल तर नार्वे–डिचोली बसचं तेवढं आधी सांगा. परतीची खात्री झाल्याशिवाय आईला पलीकडे नेणार नाही.