'डावजर'ला मराठीत काय म्हणायचं?

एक मदत हवीये. डेबोरा मिटफर्ड, इंग्लंडमधल्या त्या गाजलेल्या सहा मिटफर्ड बहिणींतलं शेंडेफळ आणि नंतरची डेव्हनशरची डचेस, तिच्यावर लिहितेय. २००४ मध्ये नवरा अँड्र्यू, म्हणजे अकरावा ड्यूक (तिकडचा बडा सरदार) गेला, मुलगा बारावा ड्यूक झाला, सून डचेस झाली आणि ही झाली 'डावजर डचेस'. 'विधवा डचेस' लिहून बघितलं पण कसंतरीच वाटलं, कोंबड्या पाळणारी, एल्विसवर जीव टाकणारी, २०१४ ला चौऱ्याण्णवाव्या वर्षी गेलेली बाई, तिची ओळख पहिल्याच ओळीत विधवा? 'राजमाता' चालेल का?

— राजमाता नको. ड्यूक म्हणजे राजा नव्हे, आणि डावजर ही चालू ड्यूकची आईच असते असंही नाही. याच घरात बघा ना. अँड्र्यू खरं तर धाकटा, थोरला विल्यम १९४४ ला बेल्जियममध्ये युद्धात गेला (लग्नाला चारच महिने झालेले, बायको केनेडींची बहीण कॅथलीन) म्हणून गादी याच्याकडे आली. १९५० मध्ये अँड्र्यूचे वडील वारले तेव्हा विधवा डचेस एकदम दोन, आई मेरी आणि आजी एव्हलिन! नियमाने 'डावजर' एकीलाच, जी आधीची तिला, म्हणजे आजीला. आईने नुसतं नाव पुढे लावायचं, 'मेरी, डचेस ऑफ डेव्हनशर'. १९६० ला आजी गेल्यावर तो मान आईकडे. तेव्हा माझं मत 'थोरल्या डचेस'.

— थोरल्या छान आहे पण मराठीत थोरली म्हटलं की धाकटी कुठंय असं विचारतात, आणि लोक थेट सवतीवर जातात 😄

— मुळात शब्द पैशाचा आहे हो. डावर म्हणजे नवऱ्यामागे बायकोला त्याच्या जमिनीतला हयातभराचा वाटा, जुन्या इंग्लिश कायद्यात एक तृतीयांश, तो १९२५ मध्ये रद्द झाला. डावर जिच्याकडे ती डावजर. हुंड्याच्या 'डाउरी'शी गल्लत करू नका, मूळ एक असलं तरी व्यवहार उलटा, हुंडा बाई घेऊन येते आणि डावर तिला मिळतो. आपल्याकडे चोळीबांगडीला जमीन द्यायचे, पण त्याला नवरा मेलेला असावा लागत नाही. आणि कृपा करून 'डोवेजर' लिहू नका.

— मग 'माजी डचेस'?

— माजी म्हटलं की माजी आमदार वाटतं, शिवाय घटस्फोट झालाय असा अर्थ निघेल. घटस्फोटितेलाही तिकडे नाव पुढे लावूनच लिहितात, म्हणजे मेरीबाईंसारखंच, त्यामुळे आणखी घोळ.

मूळ प्रश्नवाली परत आलेय. लेखात खरी गंमत घर सोडण्याची आहे. दहाव्या ड्यूकच्या, म्हणजे सासऱ्याच्या मरणानंतर ८० टक्के वारसा कर बसला, घराण्याचा हार्डविक हॉल हा वाडा त्यात गेला, चॅट्सवर्थ हे राहतं मोठं घर मात्र हिने नवऱ्याबरोबर उभं ठेवलं, फार्म शॉप काढलं, आणि सून डचेस झाल्यावर तेच घर सोडून पार्कातल्याच एडन्सर गावात (म्हणायचं एन्झर) पाद्र्यांच्या जुन्या घरात राहायला गेली. सासूने किल्ल्या सुनेच्या हातात दिल्या, हे आपल्याकडे कुणालाही कळतं. म्हणून एकदा 'थोरल्या डचेस' लिहून पुढे सरळ डेबोरा. सवत कुणाला आठवलीच तर बघू.