कॉर्निया डीप फ्रीज करून का नाही ठेवत?

निशाचर: नेत्रदानातला कॉर्निया म्हणे थोडेच दिवस टिकतो, मग तेवढ्यात पेशंट नाही मिळाला तर फेकून देतात का? वीर्य, गर्भ वर्षानुवर्षं गोठवून ठेवतात आणि या एवढ्याशा पारदर्शक पडद्याला काय होतं, त्यात तर रक्तवाहिन्यापण नसतात.

नेत्रपेढीवाला: सगळा खेळ आतल्या बाजूच्या एका थराचा आहे, एंडोथेलियम. पेशींचा एकच पदर असतो, तो सतत पाणी बाहेर उपसतो म्हणून कॉर्निया स्वच्छ राहतो, आणि माणसात या पेशी गेल्या की नवीन येत नाहीत. गोठवलं की बर्फाचे स्फटिक नेमक्या ह्याच पेशींची वाट लावतात. म्हणून फ्रीजमध्ये २ ते ८ डिग्रीला मीडियममध्ये, म्हणजे पेशी जिवंत ठेवणाऱ्या द्रावणात ठेवायचा, गोठू न देता. १९७४ मध्ये आलेल्या एमके मीडियममध्ये साधारण ४ दिवस, ऑप्टिसॉलसारख्यात १४ पर्यंत, त्यात डेक्स्ट्रान आणि कॉन्ड्रॉइटिन सल्फेट असतं त्यामुळे कॉर्निया पाणी पिऊन फुगत नाही. पण १४ लिहिलंय म्हणून १४ दिवस थांबत कोणी नाही, पेशी रोज थोड्या थोड्या कमी होतच असतात.

आर्या_बी: गोठवून बघितलंच नाही असं नाही हं, ६० च्या दशकातच प्रयोग झालेत, पण पेशी इतक्या जातात की ते फारसं चाललं नाही. युरोपात उलटंच करतात, ३१ ते ३७ डिग्रीला ऑर्गन कल्चर, म्हणजे उबदार मीडियममध्ये ठेवायचा, जवळपास ४ आठवडे टिकतो. फुगतो मात्र, मग सर्जरीआधी डेक्स्ट्रानच्या मीडियममध्ये ठेवून परत बारीक करावा लागतो. मला तरी ही पद्धत जास्त पटते कारण उबेत जंतू वाढून आधीच पकडले जातात, फ्रीजमध्ये ते नुसते गप्प पडून असतात.

निशाचर: ओके, आणि मीडियम गुलाबी का असतं?

नेत्रपेढीवाला: फिनॉल रेड, आम्लता बदलली की रंग बदलणारं द्रव्य. जंतू वाढून आम्ल झालं की पिवळं पडतं, पिवळं किंवा गढूळ दिसलं की तो कॉर्निया बाद. @आर्या_बी, पटतं, पण त्याला इन्क्युबेटर, कल्चर लॅब, शिकलेली माणसं सगळंच लागतं, फ्रीजला फक्त फ्रीज लागतो. आणि फेकण्याचं म्हणाल तर पेशींचा काउंट कमी निघाला तरी ग्लिसरीनमध्ये महिनोन्महिने ठेवता येतो. त्यातल्या पेशी मेलेल्या असतात, पण अल्सरने डोळ्याला भोक पडलं तर ठिगळ म्हणून बसतो, नजर नाही आली तरी डोळा वाचतो.