मदत हवी आहे: विश्रामबाग स्टेशनजवळ ९ गुंठे जागा, बिल्डर म्हणतोय लहान फ्लॅट चालणार नाहीत

भिंतीपलीकडचा_नारळ

नमस्कार मंडळी. धागा लांबला तर आधीच माफी. तीन महिने घरात हाच विषय चालू आहे. आता आईने ताटावर बसल्यावर 'एफएसआय' (प्लॉटच्या किती पट बांधता येतं तो आकडा) शब्द काढायचा नाही असा नियमच केलाय, म्हणून इथे आलो.

सांगलीत विश्रामबागला आमची ९ गुंठे जागा आहे. आजोबांनी (आम्ही आप्पा म्हणायचो) घेतलेली. बैठं घर, पुढे कंपाउंडला लागून एक नारळ, मागे बुजवलेली विहीर. प्रॉपर्टी कार्डावर वडील आणि धाकटे काका अशी दोन नावं. दारातून विश्रामबाग स्टेशनच्या फलाटावर जायला मला चालत सहा मिनिटं लागतात. वडिलांना, म्हणजे आण्णांना, वीस लागतात, कारण वाटेत चहा आहे.

२०१९ च्या महापुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५. तेव्हा गावभागातली तीन बिऱ्हाडं आमच्या घरात राहायला होती, ओसरीवर गाद्या, अंगणात चूल. तेव्हापासून गावातून आमच्या बाजूला घर बघणारे वाढलेत, हे बिल्डरलाही चांगलं ठाऊक आहे.

त्याचा प्रस्ताव असा: पार्किंग आणि वर मजले, सगळे थ्री बीएचके, प्रत्येकाला दोन गाड्यांची जागा. बांधकामातले आम्हाला ४५ टक्के, त्याला ५५. आण्णा आणि काका तयार आहेत. अडलोय मी.

कारण मी मुद्दाम चार दिवस सकाळी फलाटावर जाऊन उभा राहिलो. एक्सप्रेस बहुतेक न थांबता धडधडत निघून जातात, पण डेमू थांबली की चाळीसेक माणसं उतरतात. किर्लोस्करवाडी, भिलवडी, नांद्र्याकडून आलेली, उलट्या गाडीने जयसिंगपूरची. खांद्याला ड्रॉइंग शीटची नळी अडकवून वालचंद कॉलेजकडे पळणारी पोरं, विलिंग्डनच्या मुली, पिशवीत डबा आणि वर घडी केलेला पांढरा कोट असलेल्या दोन-तीन बायका. यातली निम्मी तरी माणसं परवडणारी जागा मिळाली तर इथेच राहतील, असं माझं मत. मग वन बीएचके आणि लहान टू बीएचके का नाही? त्यातले आमच्या वाट्याचे भाड्याने ठेवले तर आण्णांना पेन्शनसारखं होईल.

बिल्डरचं उत्तर शब्दशः देतो: "दादा, स्टेशन बघून फ्लॅट घेणारं गिऱ्हाईक पुण्या-मुंबईत. इथलं गिऱ्हाईक पहिल्यांदा खाली उतरून आपली गाडी कुठं लागणार ते बघतंय. किचन नंतर."

मला राग आला, पण आमच्या घरातही दोन चारचाकी आहेत, त्यामुळे गप्प बसलो.

दुसरी भानगड रस्त्याची. त्याचा आर्किटेक्ट समोरचा रस्ता ९ मीटर धरून नकाशा काढतोय. रविवारी मी आणि पुतण्याने टेप धरली. समोरच्यांच्या कंपाउंडपासून आमच्या कंपाउंडपर्यंत ८.४० भरला. आर्किटेक्टला फोन केला तर "होतंय ते" म्हणाला. काय होतंय? आणि स्टेशनजवळ म्हणून जादा एफएसआय मिळतो असं काका कुठूनतरी ऐकून आलेत, ते खरं का?

विकसन करार करताना काय बघायचं तेही सांगा. आमच्या घरात यापूर्वी कुणी असला करार केलेला नाही.

गुंठेवारीग्रस्त

पहिले दोन प्रश्न माझे. रेल्वेच्या हद्दीपासून प्लॉट किती लांब? ३० मीटरच्या आत असेल तर रेल्वेचा ना हरकत दाखला लागतो, आणि तो कधी येईल ते रेल्वे आणि देव जाणे. आणि पूररेषा बघितली का (नकाशावर नदीकडची निळी, तिच्या पलीकडे लाल)? निळ्या रेषेच्या आत नवीन बांधकाम विसरा. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये असाल तर जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा वर उचलावं लागतं. विश्रामबाग उंचावर आहे हे मान्य, पण "आमच्यात पाणी येत नाही" हा कागद नव्हे. झोन दाखला आणि भाग नकाशा महापालिकेतून काढा.

बाकी तुमची जागा निदान प्रॉपर्टी कार्डावर आहे. आम्ही गुंठेवारीवाले (विनामंजुरी पाडलेले तुकडे घेतलेले) तुमच्याकडे बघून नुसते उसासे टाकतो.

भिंतीपलीकडचा_नारळ

रूळ दोनशे मीटरच्या पलीकडे आहेत, तो प्रश्न नाही. पूररेषेचं बघतो.

निळी_शाई

मी आर्किटेक्टच्या ऑफिसात काम करतो (तुमच्या नव्हे), म्हणून जरा सविस्तर लिहितो.

काकांचं अर्धं बरोबर आहे. पुण्यात मेट्रो स्टेशनच्या भोवती ५०० मीटरच्या पट्ट्यात एफएसआय ४ पर्यंत नेता येतो. तो नियम मेट्रोसाठी आहे. विश्रामबागच्या डेमूसाठी कुणी काही दिलेलं नाही. डिसेंबर २०२० पासून राज्यभर जी एकत्रित विकास नियमावली लागू आहे (मुंबई सोडून, आणखी काही अपवाद आहेत), तिच्यात आपल्यासारख्या महापालिकेत दाट वस्तीबाहेरच्या प्लॉटला किती बांधता येईल ते समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. स्टेशन दाराशी असो नाहीतर दहा किलोमीटरवर, हिशेब तोच. मला स्वतःला हे उफराटं वाटतं, पण टेबलावर नियमावली आहे, माझं मत नाही.

आता तुमचे आकडे. ९ गुंठे म्हणजे सुमारे ९१० चौरस मीटर. रस्ता ९ मीटरच्या आत असेल तर मूळ एफएसआय १.१, त्यावर प्रीमियमही (महापालिकेला पैसे भरून घ्यायचा जादा एफएसआय) नाही आणि टीडीआरही (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकाम हक्क) नाही. म्हणजे सुमारे १,००० चौ.मी. रस्ता ९ ते १२ मध्ये बसला की १.१ वर ०.५ प्रीमियम भरून आणि ०.४ टीडीआर विकत घेऊन २ पर्यंत जाता येतं, म्हणजे १,८२०. दोन्हीकडे त्यावर ६० टक्के अ‍ॅन्सिलरी (जिने, बाल्कनी वगैरेंसाठीचा जादा एफएसआय) पैसे भरून मिळतो. तो धरून पहिल्या हिशेबात ढोबळ १,६०० आणि दुसऱ्यात २,९०० चौ.मी. तुमच्या साठ सेंटिमीटरची किंमत ही एवढी आहे.

बिल्डरने ४५-५५ कुठल्या हिशेबावर काढलंय ते आधी विचारा. तो २ धरून बोलत असेल आणि उद्या नकाशा १.१ वर अडकला, तर ४५ टक्के कशाचे?

"होतंय ते" याचे दोन अर्थ असू शकतात. एक, मंजूर लेआउटमध्ये रस्ता ९ चा आहे आणि दोन्हीकडच्या भिंती पुढे आल्यात. टेप भिंती मोजते, महापालिका कागद मोजते. दोन, रस्ता खरंच कमी आहे आणि त्याला वाटतंय की आयुक्त रस्तारुंदीची रेषा आखतील, सगळे घरमालक पट्टी सोडतील. पहिला अर्थ असेल तर काम सोपं. दुसरा असेल तर करारावर सही करू नका. जुना लेआउट शोधा, आप्पांच्या ट्रंकेत असेल.

लहान फ्लॅटबद्दल: कार्पेट लहान तशी चारचाकी पार्किंगची सक्ती कमी होते, हे नियमातच आहे. त्यामुळे तुमची कल्पना कागदावर बसते. विकली जाईल का, ते बिल्डर जाणे.

आठ_दहाची_डेमू

मीही त्या बायांसारखीच पांढरा कोट घेऊन डेमूने जाणारी, फक्त विश्रामबागला न उतरता पुढे 🙂 भिलवडीहून मिरजेला दवाखान्यात जाते, लॅबमध्ये. आधी सात वर्षं मिरजेत भाड्याने होते, लग्नानंतर ये-जा.

खरं सांगू? मी विश्रामबागला राहिले असते. पण वन बीएचके मिळतच नाही. जे आहे ते मुलांना कॉट बेसिसवर दिलेलं, एका खोलीत चौघं. फॅमिलीला टू बीएचकेच्या खाली कुणी दाखवत नाही, आणि दाखवलं तर तळमजल्यावर, मोटरच्या खोलीशेजारी. माझ्या दोन मैत्रिणी नाईट ड्युटीमुळे शेवटी मिरज स्टेशनजवळ राहिल्या. त्यांच्याकडे स्कूटी आहे, चारचाकी नाही, आणि घेणारही नाहीत.

फक्त एक गोष्ट. डेमू चुकली तर पुढची कधी याचा भरवसा नाही. मग सांगली-मिरज रस्त्यावर येऊन एसटीच पकडायची. तुमच्या घरापासून बसथांबा किती लांब ते लिहिलंच नाहीत. माझ्या दृष्टीने तो जास्त महत्त्वाचा.

सहीनंतर_शहाणा

कराराबद्दल लिहितो, दूधपोळल्याच्या अधिकाराने. आमची जागा साताऱ्यात. बिल्डरचं नाव घेत नाही. कुलमुखत्यारपत्र आम्ही असं सरसकट करून दिलं की आमच्या वाट्याचे फ्लॅटसुद्धा विकायचा अधिकार त्यातच गेला. बाबांनी एका दुपारी तेहतीस पानांवर सह्या केल्या, सोबत कचोरी होती. बांधकाम दोन स्लॅबवर थांबलं. भाडं द्यायचं ठरलेलं, ते पाच महिने आलं आणि बंद झालं.

म्हणून: मुखत्यारपत्र फक्त परवानग्यांपुरतं आणि त्याच्या वाट्याच्या विक्रीपुरतं. तुमचे फ्लॅट नंबर आणि मजले करारातच लिहून, नकाशा जोडून नोंदवा. "वरच्या मजल्यावर बघू" नको. भोगवटा प्रमाणपत्र मिळेपर्यंतचं भाडं बँक गॅरंटीने घ्या. करार नोंदणीकृतच करा. प्लॉट ५०० चौ.मी.च्या वर आणि फ्लॅट आठच्या वर, म्हणजे महारेराची (गृहप्रकल्पांवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण) नोंदणी लागणारच. तिथे तुम्हीही जमीनमालक प्रवर्तक म्हणून धरले जाता. तुमच्या वाट्याचा फ्लॅट तुम्ही विकलात की घेणाऱ्याला जबाबदार तुम्ही.

टॅक्सचं सीएला विचारा, पण एवढं लक्षात ठेवा: अशा नोंदणीकृत करारात वैयक्तिक मालकाचा भांडवली नफा पूर्णत्वाचा दाखला मिळतो त्या वर्षी धरतात. त्याआधी तुमचा वाटा विकलात तर ती सवलत जाते. भाड्याने ठेवायचा तुमचा विचार या बाजूनेही बरा आहे.

भिंतीपलीकडचा_नारळ

मंडळी, अपडेट.

ट्रंकेत लेआउट सापडला. कापडावर चिकटवलेला, घड्यांवर फाटलेला. रस्ता ३० फूट, म्हणजे ९.१४ मीटर. मी खूश होऊन पुतण्याला घेऊन परत टेप धरली, कोपऱ्यावरच्या जुन्या दगडापासून. समोरच्यांची भिंत चार-पाच इंच पुढे. आणि आमची दोन फूट.

म्हणजे तीन महिने ज्या रस्त्यावरून मी आर्किटेक्टला उलटसुलट विचारत होतो, तो आप्पांनीच खाल्लेला. आण्णांना विचारलं तर ते शांतपणे म्हणाले, "नारळ रस्त्यात जात होता, म्हणून भिंत पुढं घेतली. तेव्हा कोण मोजत होतं?" काका हसून हसून खोकायला लागले. आईने नियम मोडून स्वतःच विचारलं की मग आता एफएसआय वाढला का.

भूमी अभिलेखला मोजणीचा अर्ज देतोय. भिंत आत घ्यायला लागेल. नारळ रस्त्यात येणार, त्याचं काय करायचं ते कुणीच बोलत नाहीये.

@निळी_शाई, बिल्डरला ४५ कशाचे ते विचारलं. २ धरूनच बोलत होता. लेआउटची झेरॉक्स दिली, आणि आमच्या वाट्यातले दोन मजले लहान फ्लॅटचे असतील असं सांगितलं. "तुमच्या वाट्यात काय वाट्टेल ते करा" म्हणाला, पण तोंड वाकडं केलं. त्याच्या मते वरचे थ्री बीएचकेवाले खाली स्कूटींची गर्दी बघून नाक मुरडतील. यावर कुणाचा अनुभव असेल तर लिहा, एकाच बिल्डिंगमध्ये लहान-मोठे फ्लॅट एकत्र असलेल्यांचा. मेंटेनन्स कसा वाटता, चौरस फुटावर की फ्लॅटमागे?

@आठ_दहाची_डेमू, बसथांबा चालत चार मिनिटं. मैत्रिणी मिरजेत किती भाडं देतात ते विचारून सांगाल का?