पाव स्केलच्या कबला २० सीसी पुरे की ३५ हवं?

मंदगती

चार महिन्यांपासून पायपर जे-३ कब या विमानाचं रेडिओने उडवायचं मॉडेल बांधतोय. पाव स्केल, म्हणजे खऱ्याच्या एक चतुर्थांश, पंखांचा विस्तार २.६९ मीटर. सांगाडा झाला, कापड चढवायचं बाकी आहे. खोक्यावर छापलंय: '२० ते ३५ सीसी गॅस'. (गॅस म्हणजे पेट्रोल, सिलिंडरमधला नव्हे. घरच्यांना हे तीनदा समजावून झालंय.) ज्याला विचारावं तो म्हणतो, ३५ टाक, ताकद जास्त असली तर बिघडलं कुठे? बिघडतं, असं माझं म्हणणं आहे. म्हणून हा धागा.

आधी हिशेब. खऱ्या कबला कॉन्टिनेंटल ए-६५, म्हणजे २३०० आरपीएमला ६५ हॉर्सपॉवर. भरलेलं विमान साधारण ५५० किलो. पाव स्केलला वजन ६४ ने (४ × ४ × ४) भागायचं, साडेआठ किलो येतं. माझंही तेवढंच भरेल. वेग निम्मा होतो, खरं कब ताशी १२० च्या आसपास फिरतं, मॉडेल ६० ला फिरायला हवं. आणि ताकद? वजन ६४ ने, वेग २ ने, म्हणून ती १२८ ने भागायची. अर्धा हॉर्सपॉवर!

डीएलई-२० हे २० सीसीचं इंजिन अडीच हॉर्सपॉवर देतं असं कंपनी सांगते. त्यात मफलरचं, माझ्या ट्यूनिंगचं वगैरे वजा करून दोनच धरा. तरीही गरजेच्या चौपट. ३५ सीसी लावून मी काय करणार, कब उभं टांगून ठेवणार? मैदानावर असलं पिवळं कब सरळ वर जाताना पाहिलंय. बैलगाडी महामार्गावर ओव्हरटेक करताना दिसावी तसं दिसतं.

पूर्णथ्रॉटल

हिशेब देखणा आहे, पण वारा पाव स्केलमध्ये येत नाही हो.

मैदानावर ताशी २० चा वारा असला की तुमच्या ६० च्या कबला तो खऱ्या कबच्या ४० सारखा लागतो. खऱ्या कबचा पायलट अशा दिवशी हँगरमध्ये बसून राहतो. आपण सुट्टीचा एक दिवस मिळालाय म्हणून उडवतो.

माझाच प्रसंग सांगतो. दुसऱ्याचं विमान उडवत होतो, हेही पाव स्केल कब, २० सीसी. उतरायला आलो, उंची छातीएवढी, थ्रॉटल पार खाली. तेवढ्यात एक जण ट्रान्समीटर घेऊन धावपट्टीवर आला, पाठमोरा. थ्रॉटल झटकन वर ढकलला. इंजिनाने 'भ्वॅक' केलं आणि अर्धा सेकंद काहीच नाही. मग उचललं, पण विमान त्याच्या टोपीवरून गेलं ते जेमतेम. त्या अर्ध्या सेकंदात मला ३५ सीसी हवं होतं.

मंदगती

टोपी वाचली हे बरं झालं. पण हा किस्सा सीसीचा नाही, लो नीडलचा आहे (कमी वेगाला पेट्रोल किती जावं ते ठरवणारा कार्ब्युरेटरचा स्क्रू).

आयडलवरून, म्हणजे सर्वांत कमी वेगावरून, थ्रॉटल झटकन उघडल्यावर इंजिन गप्प होऊन मग उचलत असेल, तर लो नीडल लीन आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, असेल तर ते गुरगुरत, धूर ओकत, पण न थांबता वर चढतं. डायफ्रॅमच्या कार्ब्युरेटरवर हा फरक कानाला स्वच्छ कळतो. लो नीडल पाव आटापेक्षाही कमी उघडायची, दहा सेकंद आयडलवर ठेवायचं, पुन्हा झटका द्यायचा. हे जमिनीवर, विमान मागून धरून करायचं काम. विमानमालकाने केलं नव्हतं आणि तुम्ही उडवण्याआधी तपासलं नव्हतं. ३५ सीसीचं इंजिनही लीन असेल तर तसंच 'भ्वॅक' करेल, फक्त मोठ्या आवाजात.

पूर्णथ्रॉटल

मान्य, तपासलं नव्हतं. पण जोराचं बोलताय तर हेही ऐका: लहान इंजिनाला १६ इंची प्रॉप (प्रोपेलर), त्याचं जडत्व कमी, म्हणून आयडलला ते जास्त हडबडतं. मोठा प्रॉप फ्लायव्हीलचं काम करतो. त्यामुळे तुमच्या २० सीसीला तीच नीडल जास्त बारकाईने लावावी लागते, आणि हवा बदलली की पुन्हा. मोठं इंजिन चुका पोटात घालतं. नवशिक्याला तेच बरं.

चुंबकवाला

दोघांनीही मुद्द्याच्या वस्तूकडे पाहिलेलं नाही. ती वस्तू म्हणजे कबचं नाक.

कबचं नाक आखूड, शेपूट लांब. सीजीपासून (विमान जिथे तोललं जातं त्या बिंदूपासून) फायरवॉल, म्हणजे इंजिन बसतं ती भिंत, ३५ सेंटिमीटर पुढे आणि शेपटीचे सर्व्हो (सुकाणू हलवणाऱ्या छोट्या मोटरी), टेलव्हील वगैरे १२० सेंटिमीटर मागे धरा. मागे जाणारे १०० ग्रॅम पुढे जवळजवळ ३४५ ग्रॅम मागतात. शेपटीच्या सांध्यांना इपॉक्सी हात सैल सोडून लावलं की इथे शिशाचं बिल येतं. मंदगती २० सीसी लावणार, मग पुढे अर्धा किलो शिसं ठोकणार, आणि आपलं विमान हलकं आहे म्हणून समाधानात राहणार. ते शिसं ना प्रॉप फिरवतं ना स्पार्क देतं.

माझ्या कबवर जुनं मॅग्नेटोवालं (बॅटरीशिवाय चुंबकाने ठिणगी पाडणारं) २६ सीसी आहे, झेनोआ. मॅग्नेटोचं फ्लायव्हील जड असतं म्हणून लोक नाकं मुरडतात. मला ते जडपणच हवं होतं. शिसं शून्य. इग्निशनची बॅटरी नाही, ती चार्ज करायची राहिली म्हणून परत यायचं नाही. किल स्विचला कॉइल ग्राउंड केली की इंजिन बंद. फक्त हाताने सुरू करताना प्रॉप जोरात फिरवावा लागतो, कारण मॅग्नेटो हळू फिरला तर ठिणगीच पडत नाही. इलेक्ट्रॉनिक इग्निशनवाल्यांची बोटं लाडावलेली असतात.

पूर्णथ्रॉटल

मॅग्नेटो! अजून किती दिवस? इलेक्ट्रॉनिक इग्निशन आयडलला ठिणगीचं टायमिंग मागे घेतं, वर गेलं की पुढे नेतं. म्हणून सुरू करताना उलटा झटका कमी बसतो. मॅग्नेटोचा उलटा झटका खाऊन बोट सुजलेली माणसं मीही पाहिलीत.

चुंबकवाला

काठी वापरा. बोट कुठल्याच इंजिनात घालू नये. मॅग्नेटोच्याही नाही, तुमच्या लाडक्या सीडीआयच्याही (इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्याही) नाही. सीडीआयचा स्विच चुकून चालू राहिला तर प्रॉप हलक्या हाताने फिरवला तरी इंजिन पेटतं, हे विसरू नका.

कानसेन

मला ३५ नको आणि २० ही नको. कारण कुणी अजून काढलेलंच नाही: आवाज.

खऱ्या कबचं इंजिन चार सिलिंडर, फोर-स्ट्रोक. म्हणजे एका फेरीत दोन स्फोट. २३०० आरपीएमला मिनिटाला ४६०० स्फोट. आपलं एका सिलिंडरचं टू-स्ट्रोक दर फेरीला एकदा पेटतं. म्हणजे ते ४६०० आरपीएमवर ठेवलं की तोच सूर लागतो, साधारण ७७ हर्ट्झ. पोत वेगळा, सूर तोच. संध्याकाळी वारा पडल्यावर कब या सुरात डोक्यावरून नेऊन बघा.

आता ४६०० वर कब हवेत राहायला तर हवं. समान आरपीएम आणि एकाच ठेवणीचे प्रॉप असतील तर थ्रस्ट, म्हणजे प्रॉपची ओढ, व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. १६ इंचाऐवजी १८ इंच घेतला की दीडपटीहून जास्त, १.६ पट. १८ इंची प्रॉपवर कब ४६०० ला आरामात तरंगतं. १६ इंचीवर पाच-सहा हजारांखाली आलात की नाक पडतं, आणि कानावर झाडं कापायच्या करवतीचा सूर येतो. मंदगती, आयडी बदला नाहीतर प्रॉप बदला.

आणखी एक. खऱ्या कबचा प्रॉप ७२ इंची. चारने भागा.

मंदगती

१८. हं.

हे मला सुचायला हवं होतं. स्केल स्केल करत बसलो आणि प्रॉपच मोजला नाही. पण गोंगाटाचा मुद्दा इतका सरळ नाही. टोकाचा वेग काढला: १६ इंची ८५०० ला आणि १८ इंची ७५०० ला, दोन्ही सेकंदाला १८० मीटरच्या आसपास. पूर्ण थ्रॉटलवर टोकांचा किंचाळा तोच. फरक पडतो तो थ्रॉटल मागे घेतल्यावरच.

कानसेन

कब पूर्ण थ्रॉटलवर उडवतं कोण? (वर एक जण आहेत, त्यांचं नावच तसं आहे.)

विजेवर

एवढी भांडणं कशाला? मोटर लावा. २० इंची प्रॉपही फिरेल, २२ चाही, नीडल नाही, थरथर नाही, कापडावर तेलाचा थर नाही.

चुंबकवाला

आणि उड्डाण किती मिनिटं? हिशेब आम्हालाही येतो. पाव लिटर पेट्रोलमध्ये साधारण ८० लाख ज्यूल. आपली टू-स्ट्रोक त्यातले दहा टक्के कामाला लावत असतील, तरी २२० वॅट-अवर. तेवढ्यासाठी सहा सेलच्या ५००० मिलिअँपिअर-अवरच्या दोन लिपो बॅटऱ्या लागतात, मिळून दीड किलोच्या घरात. पेट्रोलचं वजन १८५ ग्रॅम आणि टाकी दोन मिनिटांत पुन्हा भरते.

विजेवर

दीड किलो नाकात हवंच आहे ना तुम्हाला? शिशाऐवजी बॅटरी ठेवा.

चुंबकवाला

हे मात्र झोंबलं.

बाल्सा_भुसा

आकडे सगळ्यांकडे आहेत, पण मंदगतींच्या विमानाची शेपूट किती जड हे कुणालाच माहीत नाही. त्यांनाही नाही. इंजिन निवडायच्या आधी एवढं करा: टेल, सर्व्हो, चाकं, पंख सगळं जागेवर टेपने लावा. कापडाचं आणि रंगाचं वजन म्हणून मागे थोडं जास्तीचं बांधा. मग सीजीवर टेकवा आणि फायरवॉलला पाण्याची बाटली लटकवून विमान समतोल होईपर्यंत पाणी ओतत राहा. बाटली काट्यावर ठेवा. तो आकडा म्हणजे तुमचं इंजिन, मफलर, प्रॉप, इग्निशन आणि पुढे सरकवता येतील त्या बॅटऱ्या.

आणि काऊल, म्हणजे इंजिनावरचं झाकण. इंजिन उलटं लावून काऊलमध्ये कोंबू नका. कबचे सिलिंडर दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावतात. इंजिन आडवं लावलं की आपलं हेड बरोबर त्या खोट्या सिलिंडरच्या जागी येतं, वारा फुकट मिळतो. तरीही आत शिरलेल्या हवेला बाहेर जायला वाट ठेवा, आत येण्याच्या भोकाच्या किमान दुप्पट. हवा आत घ्यायची सगळ्यांना हौस, सोडायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. पेट्रोलची नळी सिलिकॉनची असेल तर आजच फेकून द्या, पेट्रोलमध्ये ती फुगते आणि क्लंकवरून (टाकीतल्या नळीच्या टोकाच्या वजनावरून) निसटते. टायगॉन घ्या. इग्निशन रिसीव्हरपासून फूटभर लांब.

पूर्णथ्रॉटल

बाटलीची युक्ती झकास. +१.

मंदगती

केलं. स्वयंपाकघरातला काटा आणावा लागला, त्यावरून घरी वेगळा धागा चालू आहे.

१६२० ग्रॅम. मी दोनदा ओतलं, कारण पहिल्यांदा विश्वास बसला नाही. शेपटीत काय केलंय माझं मलाच कळेना. (कळलं. टेलव्हीलचा कंस पितळी आहे.)

आता बेरीज. २० सीसीचं इंजिन ६५० ग्रॅम, मफलर ५०, इग्निशन १२०, प्रॉप आणि बोल्ट धरून ९०० च्या पुढेमागे. दोन बॅटऱ्या फायरवॉलला टेकवल्या तर आणखी अडीचशे. म्हणजे जवळजवळ पावणेपाचशे ग्रॅम शिसं. चुंबकवाल्यांनी अर्धा किलो म्हटलं होतं, न बघता. ३० सीसीचं इंजिन ९१० ग्रॅम, बाकी तसंच, प्रॉप जरा जड. बॅटऱ्यांसकट साडेचौदाशे. उरलेलं पितळी कंस बदलून निघेल.

तर ३०, १८ इंची प्रॉप. ताकदीसाठी नाही घेत, हे पूर्णथ्रॉटलनी नीट वाचावं. नाकासाठी आणि कानासाठी घेतोय. ताकदीचा हिशेब माझा अजूनही बरोबर आहे, गरज अर्ध्या हॉर्सपॉवरचीच आहे.

पूर्णथ्रॉटल

वाचलं. कारण काहीही लिहा, दहा सीसी तर वाढलेच. आता अजून पाच.

मंदगती

नाही. ३५ ला २० इंची प्रॉप जास्त शोभतो, आणि माझ्या चाकांवर तो गवत कापत जाईल. ट्रान्समीटरवर थ्रॉटलची वरची मर्यादा ७० टक्क्यांना बांधतोय. उरलेले ३० टक्के एका स्विचवर.

पूर्णथ्रॉटल

स्विच म्हणजे ठेवलेतच ना!

मंदगती

पाठमोऱ्या टोपीवाल्यासाठी.