गोठलेल्या जमिनीतलं डिझेल: बायोपाइलमध्ये युरिया किती घालावा?

शर्वरी_पर्यावरण:
अंटार्क्टिकातल्या केसी या ऑस्ट्रेलियन संशोधन तळासारख्या ठिकाणच्या, डिझेल सांडलेल्या मातीसाठी बायोपाइलचा (माती उचलून ढीग रचायचा आणि जिवाणूंकडून त्यातलं तेल संपवायचं) आराखडा करते आहे. माती वाळू-खडीची, डिझेल ५००० मि.ग्रॅ. प्रति किलो, ओलावा कोरड्या वजनाच्या ६ टक्के. कार्बन-नायट्रोजन १००:१० धरून सगळा युरिया सुरुवातीलाच मिसळायचा आणि प्रयोगशाळेत वाढवलेले जिवाणू सोडायचे, असा विचार आहे. काही चुकतंय का?

मातीपाणी:
युरिया फार होतोय. डिझेलमध्ये कार्बन साधारण ८५ टक्के, म्हणजे किलोमागे ४२५० मि.ग्रॅ. त्यावर १००:१० ने नायट्रोजन ४२५ मि.ग्रॅ. पण तो विरघळणार ६० ग्रॅम पाण्यात! म्हणजे पाण्याच्या किलोमागे नायट्रोजन सात हजार मि.ग्रॅ.च्या वर. एवढ्या क्षारात जिवाणूंनाच पाणी ओढून घेता येत नाही. पाण्याच्या किलोमागे २००० मि.ग्रॅ. नायट्रोजनच्या आत राहा. ६ टक्के ओलाव्याला मातीच्या टनामागे सुमारे २६० ग्रॅम युरिया पुरे. ओलावा १० टक्क्यांवर नेलात तर ४३५ ग्रॅमपर्यंत चालेल. बाकीचा हप्त्याने द्या, नाहीतर सावकाश विरघळणारं खत वापरा. माती गोठू लागते तेव्हा आधी पाण्याचा बर्फ होतो आणि क्षार उरलेल्या पाण्यात एकवटतात, हेही धरून चला.

उत्तरध्रुव_दक्षिणध्रुव:
जिवाणूंचा बेत सोडाच. अंटार्क्टिकाचं पर्यावरण जपणाऱ्या माद्रिद प्रोटोकॉल या करारानुसार परक्या सजीवांना परवान्याशिवाय तिथे नेता येत नाही, आणि गरजही नाही. तेल खाणारे जिवाणू त्या मातीत असतातच. त्यांना पाणी, नायट्रोजन, स्फुरद आणि हवा कमी पडते. ढिगाखाली एचडीपीईचं (जाड प्लास्टिकचं) अस्तर घाला आणि पाझर टाकीत जमा करून पुन्हा ढिगावर फवारा. हवेच्या नळ्यांना उतार हवाच, नाहीतर खोलगट जागी पाणी साचून गोठतं आणि नळी बंद पडते. सतत हवा सोडलीत तर ढीग सुकतो, म्हणून थांबून थांबून सोडा.

शर्वरी_पर्यावरण:
आभार. माती उचलल्यावर खड्ड्यातून वाहणाऱ्या वितळपाण्याचं काय करायचं?

मातीपाणी:
खालची जमीन कायम गोठलेली असल्याने पाणी तिच्या माथ्यावरूनच सरकतं आणि डिझेलही त्याच वाटेने जातं. म्हणून उताराखाली आडवा पाझर-बांध घालतात: पाणी आरपार जातं, तेल आत अडतं. केसीच्या वीजघराखाली २००५-०६ च्या उन्हाळ्यात असा बांध बसवला होता. त्यात दाणेदार सक्रिय कार्बन तेल धरतो आणि झिओलाइट (एक सच्छिद्र खनिज) खतातून आलेला जादा अमोनियम अडवतो. गोठण्या-वितळण्याने दाणे फुटून भुगा झाला तर वाट तुंबते आणि पाणी बाजूने निघून जातं. कठीण दाणा निवडा, बारीक भुगा आधी धुऊन काढा. खोदकामही गरजेपुरतंच करा: वरची खडी काढली की जमीन आणखी खोल वितळते.

क्रोमॅटो:
मोजणीबद्दल एक. एकूण तेल घटलं म्हणजे जिवाणूंनी खाल्लं असं नाही, काही हवेतही उडतं. डिझेलमधल्या सी-१७ (सतरा कार्बनची सरळ साखळी) आणि प्रिस्टेन (फांद्यांची साखळी) या दोन घटकांचं एकमेकांशी प्रमाण पाहा. दोन्ही उडतात जवळपास सारखेच, पण जिवाणू सी-१७ आधी खातात. ध्रुवीय प्रदेशात वापरतात त्या हलक्या डिझेलमध्ये हे दोन्ही घटक अगदी कमी असतात, म्हणून सुरुवातीचा नमुना, ढीग रचण्याआधीचा, गोठवून जपून ठेवा.